दुसऱ्यांदा विचारायला शिकवा

तुमच्या घराजवळच्या मेडिकलमध्ये काउंटरमागे उभी असलेली मुलगी किंवा मुलगा नक्की काय शिकलेला आहे, हे तुम्ही कधी विचारलंय? मी तरी विचारलं नव्हतं. चिठ्ठी पुढे करायची, गोळ्या घ्यायच्या, पैसे द्यायचे आणि निघायचं. दूधवाला, किराणावाला, तसाच मेडिकलवाला. माझी मावसबहीण फार्मासिस्ट झाली आणि काउंटरच्या पलीकडची बाजू मला पहिल्यांदा दिसली.

आम्ही भिलाईत, सेक्टर १० मध्ये राहतो. मावशीचं घर दोन गल्ल्या सोडून आहे. आजोबा विदर्भातून स्टील प्लांटच्या नोकरीसाठी इथे आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि बाजारात निम्मी छत्तीसगढी, असं आमचं चालतं. बहीण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. फार्मसीचं शिक्षण संपवून, नोंदणी करून ती एका मेडिकलमध्ये लागली. त्याच सुमारास मला एक काम मिळालं. मी लेखनाची कामं करते. नव्या फार्मासिस्टांसाठी एका दिवसाची कार्यशाळा होणार होती, विषय होता ‘नेतृत्व प्रशिक्षण’. तिथे वाटायची पुस्तिका मराठी आणि हिंदीत लिहून द्यायची होती.

मी बीए इंग्लिश. औषधांतलं मला क्रोसिनपलीकडे काही कळत नाही. पण ‘नेतृत्व’ या विषयावर लिहायला औषधं कशाला कळायला हवीत? मी झरझर पाच पानं लिहिली. दूरदृष्टी, ध्येय, सकारात्मक विचार, संघभावना. वाचताना माझं मलाच भारी वाटत होतं.

रविवारी बहिणीला घेऊन कॉफी हाउसमध्ये गेले आणि डोसा येईपर्यंत तिला ती पानं वाचायला दिली. तिने वाचली आणि हसून म्हणाली, “ताई, छान आहे गं. पण संध्याकाळी साडेसातला काउंटरवर पंधरा माणसं उभी असतात, तेव्हा यातलं मी काय करू?”

मला राग आला. उत्तर मात्र सुचलं नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी जे घडलं, ते मी तिची परवानगी घेऊन तुम्हाला सांगतेय.

त्या रात्री ती दुकानातून थेट आमच्याकडे आली. जेवली नाही. आईने दोनदा विचारलं, तर “डोकं दुखतंय” एवढंच म्हणाली. माझ्या खोलीत आल्यावर मात्र तिला रडू फुटलं.

संध्याकाळच्या गर्दीत एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या. बोटांचे सांधे सुजलेले, हातात संगणकावर छापलेली चिठ्ठी. तीवर दोन औषधं होती, मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड. दोन्हींपुढे छापलेलं होतं, रोज एक.

मेथोट्रेक्सेट हे औषध कर्करोगावरही वापरतात आणि आमवातावरही. आमवातासाठी ते कमी मात्रेत आणि आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत फॉलिक ॲसिड देतात. तेच मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं, तर तोंडात फोड येतात, हाडांच्या आतल्या मगजात रक्तपेशी तयार होणं मंदावतं, संसर्गाशी लढायची ताकद संपत जाते. माणूस दगावूही शकतो. ही चूक जगभर इतक्यांदा झाली आहे, की ब्रिटनच्या आरोग्यसेवेत २००४ साली या एका गोळीबद्दल वेगळा इशारा काढावा लागला होता.

बहिणीला हे माहीत होतं. कॉलेजात शिकवलेलं होतं, परीक्षेत तिने लिहिलंही होतं. ती दुकानातल्या मोठ्या भैयांना हळूच म्हणाली, “भैया, ये तो हफ्ते में एक बार वाली दवा है ना?”

भैया एका हाताने सुटे पैसे मोजत होते, दुसऱ्या हाताने फोन धरलेला. ते म्हणाले, “डॉक्टर ने लिखा है ना? तू डॉक्टर से ज्यादा जानती है?”

मागून कोणीतरी ओरडलं, “जल्दी करो बहनजी.” तिने गोळ्या दिल्या.

“मी एकदा विचारलं ना, ताई?” ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. “विचारलं होतं मी.”

रात्रभर आम्ही दोघी जाग्या होतो. दुकान बंद झालेलं, दवाखानाही. बिलावर बाईंचं नाव होतं, पत्त्याच्या जागी फक्त ‘भिलाई’. पण गोळ्या घेताना त्या कोणाशी तरी बोलल्या होत्या, ते बहिणीला आठवलं. मुलाला क्वार्टर मिळालंय, शाळेच्या मागे, दारात मोठं मुनग्याचं झाड आहे. मुनगा म्हणजे तुमचा शेवगा.

सकाळी सहाला मी स्कूटी काढली. मुनग्याची झाडं आमच्या सेक्टरात एक नाही, शंभर असतील. तिसऱ्या गल्लीत, पाचव्या की सहाव्या दारात, त्या ओट्यावर बसलेल्या दिसल्या. शेजारी चहाचा कप आणि कपाशेजारी गोळ्यांची स्ट्रिप.

“आ नोनी, बइठ,” त्या म्हणाल्या. नोनी म्हणजे पोरी. दुकानातली मुलगी घरी आली, याचं त्यांना नवलच वाटलं.

बहिणीने विचारलं, “दाई, गोली खा ली क्या?”

“काली रात के एक ठन खाय हौं. अब चाय पी के दूसर खाहूं.” काल रात्री एक खाल्ली, आता चहा पिऊन दुसरी खाईन.

बहिणीने स्ट्रिप उचलून हातात घट्ट धरली, तेव्हा तिचा हात थरथरत होता. मी पाहिलं.

दहाला दवाखाना उघडला. तोवर बहिणीने माझ्या वहीच्या मागच्या पानावर चार ओळी लिहून काढल्या होत्या. फोन लागल्यावर तिने त्या जशाच्या तशा वाचल्या. मी कोण बोलतेय, कोणत्या पेशंटबद्दल बोलतेय, चिठ्ठीवर काय छापलंय, मला कसली भीती वाटतेय आणि मी काय करू. पलीकडे डॉक्टर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “हफ्ते में एक बार. सिर्फ सोमवार. छपने में गड़बड़ हुई है. अम्मा को आज ही भेजिए, खून की जाँच कर लेते हैं.” फोन बंद. धन्यवाद नाही, रागावणंही नाही. बाईंना काही झालं नाही. पुढच्या महिन्यात त्यांची चिठ्ठी आली, तेव्हा तीवर हाताने लिहिलेलं होतं, ‘सोमवार’.

दुकानात जाऊन बहिणीने मोठ्या भैयांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तूने दोबारा क्यों नहीं कहा?”

घरी येऊन ती चिडून म्हणाली, “बघ, आता म्हणतात दोबारा क्यों नहीं कहा! पहिल्यांदा बोलले तेव्हा ऐकलं का?” तिचं चिडणं बरोबर होतं. पण मला वाटतं, भैयांचा प्रश्नही बरोबर होता. दुसऱ्यांदा का बोलता येत नाही आपल्याला?

मी शोधायला लागले आणि औषधांपासून फार दूर, एका विमानतळावर जाऊन पोचले. २७ मार्च १९७७. कॅनरी बेटांमधलं तेनेरीफ. धावपट्टीवर दाट धुकं. एक विमान उड्डाणासाठी धावू लागलं, तेव्हा दुसरं विमान त्याच धावपट्टीवर होतं. धावणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला रेडिओवरचं बोलणं ऐकून शंका आली. त्याने विचारलं, ते दुसरं विमान अजून बाजूला झालेलं नाही का? त्या कंपनीत अतिशय मान असलेल्या कॅप्टनने ठासून सांगितलं, झालंय. इंजिनिअर गप्प बसला. काही सेकंदांत टक्कर झाली आणि ५८३ माणसं गेली.

त्यानेही एकदा विचारलं होतं.

या आणि अशाच आणखी काही अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने एक कार्यशाळा घेतली आणि तिथून वैमानिकांच्या एका नव्या प्रशिक्षणाला सुरुवात झाली. विमान चालवणं त्यांना येतच होतं. वरिष्ठाला शंका कशी सांगायची आणि वरिष्ठाने ती कशी ऐकायची, हे शिकवणं बाकी होतं. पुढे ते प्रशिक्षण रुग्णालयांतही आलं. त्यात एक साधा नियम आहे. सुरक्षेची शंका असेल आणि पहिल्यांदा कोणी लक्ष दिलं नाही, तर ती दुसऱ्यांदा, जास्त स्पष्ट शब्दांत सांगायचीच. तरीही ऐकलं नाही, तर काम थांबवून दुसऱ्या जबाबदार माणसाकडे जायचं.

म्हणजे दुसऱ्यांदा बोलणं हा नुसता स्वभावाचा भाग नाही. ते शिकवता येतं, सायकल शिकवतात तसं.

मी बाबांना हे सांगितलं. ते प्लांटमधून निवृत्त झालेत. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. “आमच्याकडे मशीन दुरुस्तीला घेताना आधी वीज बंद करायची आणि स्विचवर पाटी लटकवायची. ज्याने पाटी लावली तोच ती काढणार. साहेब आला तरी हात लावणार नाही. पाटी लावणारा काल लागलेला हेल्पर का असेना.” मग चहा ओतता ओतता म्हणाले, “तुझ्या बहिणीकडे ती पाटी नव्हती, एवढंच.”

भिलाईत १९५९ मध्ये पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. तेव्हापासून इथल्या घराघरांत सेफ्टीचं बोलणं जेवताना होतं. तरी ही गोष्ट बाबांनी सांगेपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती.

खरं तर फार्मासिस्टकडेही पाटी आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याने या पेशाला नोंदणी दिली. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत चिठ्ठी तपासणं आणि औषध कसं घ्यायचं ते रुग्णाला समजावून सांगणं, हे फार्मासिस्टचं काम म्हणूनच लिहिलेलं आहे. म्हणजे शंका विचारणं हा त्याचा आगाऊपणा नव्हे, ती त्याची ड्युटी आहे. अडचण इतकीच, की कागदावरची ड्युटी आणि साडेसातची गर्दी यांच्यामध्ये एक बावीस-तेवीस वर्षांची पोर एकटी उभी असते.

मी आधी लिहिलेली पाच पानं फाडली नाहीत, पण बाजूला ठेवली. पुन्हा लिहायला बसले, या वेळी बहिणीला शेजारी घेऊन.

पहिलं पान झालं फोनचं. चार पायऱ्या: आत्ता काय झालंय, त्यामागची माहिती काय, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं असं मी सुचवते. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून रुग्णालयांत आली. बहिणीने ते काहीही न वाचता वहीच्या मागच्या पानावर जवळजवळ हेच लिहिलं होतं. पुस्तिकेत मी ते असं लिहिलं: “नमस्कार डॉक्टर, मी अमुक मेडिकलमधून फार्मासिस्ट बोलतेय. तुमच्या या पेशंटच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट रोज एक असं छापलंय. आमवातासाठी ते आठवड्यातून एकदा देतात, म्हणून मला काळजी वाटतेय. कोणता वार लिहू?” मोजून अर्धा मिनिट लागतो.

दुसरं पान झालं दुसऱ्यांदा बोलण्याचं. “भैया, मी पुन्हा सांगतेय, कारण यात पेशंटला धोका आहे. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ही एक गोळी मी देणार नाही. बाकीची औषधं देते.” हे वाक्य नुसतं वाचून येत नाही, तोंडात बसावं लागतं. म्हणून आम्ही घरी सराव केला. बाबा झाले चिडके डॉक्टर, आई झाली घाईतलं गिऱ्हाईक. आई इतकी खरीखुरी भांडली, की पहिल्या दोन वेळा बहीण हसून हसून बोलूच शकली नाही. तिसऱ्यांदा बोलली. पाचव्यांदा आवाज स्थिर झाला.

तिसरं पान मी मोठ्यांसाठी लिहिलं, दुकानाच्या मालकांसाठी आणि वरिष्ठांसाठी. नव्या मुलाला बोलायला शिकवून ऐकणाऱ्याला काहीच शिकवलं नाही, तर ते मूल एकदा बोलेल, ओरडा खाईल आणि कायमचं गप्प होईल. म्हणून वरिष्ठांचं वाक्य एकच, शंका खरी निघो वा खोटी: “बरं झालं विचारलंस.”

चौथं पान वहीचं. दुकानात एक साधी वही ठेवायची आणि होता होता राहिलेली चूक तीत लिहायची. कोणाची चूक ते लिहायचं नाही, कशी झाली ते लिहायचं. दोन सारख्या नावांची औषधं शेजारी होती का? अक्षर वाचता आलं नाही का? फोन चालू होता का?

या कामात मला आणखी एक कळलं. नव्या फार्मासिस्टांना नेतृत्व शिकवणं हे काही कोणा एका कार्यशाळेचं खूळ नाही. १९१२ साली द हेगमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय औषधनिर्माण महासंघाने २०२० मध्ये या पेशासाठी २१ विकास ध्येयं जाहीर केली, त्यांतलं सहावं आहे नेतृत्व विकास. नव्याने पेशात आलेल्यांसाठी त्यांचा वेगळा गटही आहे. आपल्याकडच्या इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने मुंबईत गल्लीतल्या मेडिकलवाल्यांना क्षयरोगाच्या कामात सामील करून घेतलं, म्हणजे रुग्णाला समोर गोळी घ्यायला लावणारा माणूस कोपऱ्यावरच्या दुकानातला. उल्हासनगरच्या फार्मसी पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या मंजिरी घरत या असोसिएशनच्या कामातून त्या जागतिक महासंघाच्या उपाध्यक्षपदापर्यंत पोचल्या. डिप्लोमाच्या वर्गातून तिथपर्यंत रस्ता जातो, हे बहिणीला मी सांगितलं. ती म्हणाली, “आधी काउंटरपर्यंत तर नीट पोचू दे.”

पुस्तिका गेली. ती वाचून कोणी काय शिकलं, हे मला कधी कळणार नाही. पण सेक्टर १० मधल्या एका दुकानात काय बदललं, ते माहीत आहे. मेथोट्रेक्सेटचा खण आता वेगळा आहे, त्यावर लाल पट्टी आहे आणि मोठ्या भैयांच्या अक्षरात लिहिलंय, ‘रुको. वार पूछो.’ वार विचारा. कोणत्याही नेतृत्वावरच्या पुस्तकापेक्षा हे दोन शब्द मला जास्त आवडतात.

आता तुमच्याबद्दल. त्या संध्याकाळी मागून “जल्दी करो” ओरडणारा माणूस वाईट नव्हता. त्याच्या घरी कोणाला तरी ताप असेल. मीही असं कितीदा ओरडले असेन. पण त्या दोन शब्दांनी एक प्रश्न गिळला गेला. तेव्हा पुढच्या वेळी मेडिकलमध्ये गेलात, की एवढं करा. जुनी चिठ्ठी सोबत न्या. “हे किती वेळा आणि किती दिवस घ्यायचं?” असं मोठ्याने विचारा, म्हणजे पलीकडच्याला थांबून बघायला निमित्त मिळतं. बिल घ्या, त्यावर फोन नंबर लिहायला सांगा. आमच्यासारखं कोणाला मुनग्याचं झाड शोधत फिरायला नको. आणि घरात कोणी मेथोट्रेक्सेट घेत असेल, तर हे वाचून स्वतःहून काही बंद करू नका, बदलू नका. फक्त ते कोणत्या वारी घ्यायचं, ते डॉक्टरांना विचारून स्ट्रिपवर पेनाने लिहून ठेवा.

आणि काउंटरमागची मुलगी म्हणाली, “दोन मिनिटं थांबा, डॉक्टरांना एकदा विचारते,” तर थांबा. तिला काही येत नाही म्हणून ती विचारत नाही.

गेल्या आठवड्यात मी बहिणीला घ्यायला दुकानात गेले होते. गर्दी होती. दुकानात नवीन लागलेला एक मुलगा चिठ्ठी हातात घेऊन तिला हळूच काहीतरी विचारत होता. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होती, तिने मान हलवून “दे दे” म्हटलं. मुलगा वळला, दोन पावलं गेला आणि परत आला. “दीदी, एक बार और देख लो.”

तिने हातातलं काम खाली ठेवलं आणि चिठ्ठी घेतली. शंका खोटी होती, मात्रा बरोबरच होती.

“अच्छा हुआ पूछा,” ती म्हणाली.